बारा कोंबड्यांचे काळे दोरे

हट्टा, ५ फेब्रुवारी १९६६

चि. अनुसयास बाबाचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. दोनदा लिहायला बसलो, पण काय लिहावे तेच कळेना. गावात कोंबड्यांची मानमोडी आली आहे, मान वाकडी होते अन् कोंबडी जाते. नर्सिंग शिकायला जाताना तू बारा कोंबड्या माझ्या भरवशावर ठेवल्यास, त्यातल्या चार सुस्त झाल्या. तू जाताना सांगितले होतेस तसे त्यांच्या पायाला काळा दोरा बांधला, वेगळ्या ठेवल्या, गुळवेल, हळद अन् लसणाचा काढा पाजला. मग गुरांच्या डॉक्टरला सांगायला वारासिवनीला गेलो. परत येतो तर बाराही जणींना दोरा, अन् सगळ्या एकाच खुराड्यात! तुझ्या आईला वाटले नजरेचा दोरा आहे. उलट मलाच विचारते की नजर का चौघींलेच लागते, बाकीच्या का सावत्र होत?

डॉक्टर शनिवारी येणार. लस फक्त धडधाकट कोंबड्यांना देणार. तुझी कबरी सोडली तर सगळ्या तांबड्या, एकसारख्या. कबरी तेव्हा चांगली होती, आता काय सांगू? भीतीने सगळ्यांनाच काढा पाजून राह्यलो. काय करू ते कळव.

तुझा बाबा, महागू

नागपूर, ८ फेब्रुवारी

ती. बाबांस अनुसयाचा सविनय जयभीम.

दोऱ्यांकडे पाहूच नका. शनिवारी सकाळी दाणे टाका. धावत येईल तिला लस, बसून राहील तिला काढा. काढ्याने मानमोडी जात नाही बाबा, अंगात थोडा जोर राहावा एवढीच आशा. लस चुकवू नका. माझी मैत्रीण म्हणते, आईला सांग, घाबरलेल्या बाबांनाही एक दोरा बांधा!

कबरीचे कळवा. माया असू द्यावी.

तुमची अनुसया

हट्टा, १६ फेब्रुवारी

चि. अनुसयास आशीर्वाद.

दाणे टाकले. आठ धावल्या, त्यांना लस मिळाली. तीन बसून राहिल्या, त्या काल गेल्या. कबरी मात्र दोन पावले आली अन् थांबली. डॉक्टरांनी मला विचारले की हिला लस द्यायची काय? धावलीही नव्हती, बसलीही नव्हती. मी तिच्या पायातल्या दोऱ्याकडेच पाहत राहिलो. ते म्हणाले, राहू द्या.

तेव्हा हौ म्हणायला पाहिजे होते काय, हेच घोकत बसतो. बाकीच्यांचे दोरे तुझ्या आईने कापले, कबरीचा कापू देत नाही. मीही आता हट्ट करत नाही. मान अजून सरळ आहे. आज काढा पाजल्यावर तिने दोन दाणे टिपले. हे बरे होणे आहे की जातानाची भूक, मला समजत नाही. तू शिकलेली आहेस, लवकर कळव.

तुझा बाबा