या घराला राखण ठेवू नये

मी, सुप्रीती तरफदार, वय सत्तर, अविवाहित, कृष्णनगर, जिल्हा नदिया येथील मुलींच्या शाळेची निवृत्त कारकून, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाने नव्हे, रागाने लिहीत आहे. राग आणि भ्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. इतरांच्या मृत्युपत्रांत हे वाक्य रिवाज म्हणून येते. मला ते सिद्ध करावे लागले, म्हणून आधी तेच.

गेल्या महिन्यात माझा भाचा, दादाचा मुलगा सौम्यजित, डॉ. निशीथ बागची यांना घरी घेऊन आला. मी त्याची पिशी, म्हणजे आत्या. मला वाटले, त्यालाच बरे नाही. तो म्हणाला, "डॉक्टर, आमच्या पिशीला जरा तपासा. सत्तरीत एकटी आसामला निघालीय. कानातलं विकून तिकीट काढलंय. हे शहाण्या माणसाचं लक्षण आहे का?"

डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. ते पुरे म्हणाले तरी मी दोनपर्यंत गेले. मग माझी गाडी कोणत्या स्थानकावर किती वाजता पोचते तेही सांगितले. त्यांनी मी पूर्ण शुद्धीत असल्याचा दाखला लिहिला आणि निघताना हळूच विचारले, "बर्थ खालचा मिळाला ना?"

दाखला सोबत जोडला आहे. त्याची एक प्रत काचेच्या चौकटीत बसवून सौम्यजितला द्यावी. माझ्याकडून त्याला मिळणारी ती एकमेव वस्तू.

घराविषयी. दादाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या, मोरी आणि पेरूचे झाड माझे आहे. जागा मी पगारातून घेतली, बांधकाम मी केले. सौम्यजितने त्याचे माप बिल्डरला देऊन टाकले आहे. टेप धरून माणसे आली तेव्हा मी आत भात जेवत होते. एकाने मला पाय वर घ्यायला सांगितले.

हे घर शाळेची आया टगर दलुई हिला द्यावे. अट एकच. दर वर्षी दुर्गापूजेच्या सुटीत टगरने घराला कुलूप लावून कुठेतरी जावे. त्या दिवसांत घरात राखणीला कोणाही माणसाला ठेवू नये. बहिणीला तर मुळीच नाही.

या अटीचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर सौम्यजित हाही भ्रम ठरवील.

आमच्या शाळेला पूजेपासून भाऊबिजेपर्यंत सुटी असे. दादाला, म्हणजे शक्तिपद तरफदार यांना, कचेरीतून दहा दिवस मिळत. ते दहा दिवस दादा, माझी वहिनी रेबाबौदी आणि सौम्यजित पुरीला किंवा दार्जिलिंगला जात. घर मी राखत असे. तुळशीला दिवा, मांजराला मासा, कुंड्यांना पाणी. पहिल्या वर्षी मी म्हटले होते, "यंदा मीही कुठेतरी जाईन म्हणते." बौदी हसली. "तू कुठं जाणार गं? एकटा जीव. तुला रोजच सुटी." कोजागरीला ती मंडळी परतत. माझे पंधरा दिवस तरी उरत. त्या पंधरा दिवसांत बौदीची कंबर दुखत असे, दर वर्षी. मग भाऊबीज येई आणि दादाच्या कपाळी चंदनाचा फोंटा लावायला बहीण घरी हवीच. दुसऱ्या दिवशी शाळा उघडे. पुरीहून माझ्यासाठी खाज्याचा डबा येई. अशी एकोणीस वर्षे. मला खाजे आवडत नाहीत. कोणी विचारले नाही.

तरी मी बसून राहिले नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाहेरगावी पोचवण्याचे काम शाळेत कोणाला नको असे. ते मी मागून घेतले. रविवारी पॅसेंजरने लालगोल्यापर्यंत जाऊन त्याच गाडीने परतले, पद्मा नदीचा वारा खाऊन. उन्हाळ्यात म्हाताऱ्या विधवांना गयेला नेले. त्या भाडे देत, मी त्यांचे पाय चेपी. काटकसर म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये.

विसाव्या वर्षी मी यात्रेकरूंना देशभर फिरवणाऱ्या एका मंडळीच्या मालकाला भेटले. त्यांच्याबरोबर स्वतःचे आचारी असतात, कारण आमच्या माणसांना रामेश्वरलाही परवळाची भाजी लागते. मी म्हटले, मला पगार नको, जागा द्या, भाजी मी चिरीन. दादाला महिनाभर आधी सांगितले. त्याने वर्तमानपत्र खाली केले नाही. पंचमीला मी विळी पिशवीत घालून निघाले तेव्हा बौदी दारात आली. "अगं, आमची तिकिटं काढलीत! घर कोण बघेल?"

"कुलूप," मी म्हटले.

त्या वर्षी ते पुरीला गेले नाहीत. मोहल्ल्यात बौदी सांगत फिरली, "कारकूनबाई लोकांची परवळं सोलायला कन्याकुमारीला गेल्यात!" खरेच होते. बावीस दिवस सोलली. समुद्राकडे तोंड करून सोलली.

शाळेची थोडी जादा रजा काढली होती, भाऊबिजेला मी रामेश्वरच्या धर्मशाळेत होते. भाऊ दूर असला की बहिणीने भिंतीवर फोंटा लावावा, ही आमची जुनीच रीत. मी लावला आणि दादाला पत्राने कळवले. माझी चूक एवढीच. ही रीत दूर गेलेल्या भावांसाठी आहे. घरी बसलेल्या भावासाठी, बहीणच दूर गेली म्हणून ती वापरायची, हे कोणाच्या ऐकिवात नव्हते. परतल्यावर दादा म्हणाला, "मला भिंत केलंस." मग सहा वर्षे बोलला नाही. त्यानंतर पंचवीस भाऊबिजा झाल्या, त्यांतली एकही मी घरी केलेली नाही.

विळीही टगरला. धार ठेवावी.

बँकेतील ठेव मोडू नये. तिच्या व्याजातून शाळेतल्या आया, झाडूवाल्या आणि पाणी भरणाऱ्या बायांपैकी एकीला दर वर्षी प्रवासाला पाठवावे. हे काम डॉ. बागची पाहतील. तिला तीर्थालाच जाते असे सांगावे लागू नये. परतताना कोणासाठी काही आणण्याची सक्ती नाही. "एवढ्या पैशांत मुलीचं लग्न झालं असतं" असे जो म्हणेल, त्याला या निधीच्या दारात उभे करू नये.

दादाला माझे पितळी कुलूप, किल्लीसह. एकोणीस वर्षे मी जे काम केले, ते हे करते. याला कंटाळा येत नाही, आणि याला कोणी एकटा जीव म्हणत नाही.

दादा आता जिना उतरत नाही. निघताना मी वर जाऊन नमस्कार केला. सौम्यजित खाली माझी चप्पल लपवून बसला होता. मी निरोप द्यायला आलेल्या टगरची घातली. दादाने डोळे न उघडता विचारले, "यंदा कुठली भिंत?"

मी म्हटले, "गाडीची."

"बरं. नीट लाव. मागं रामेश्वरला वाकडा लागला असेल."

टगरला घर मिळत असल्याने तिची साक्ष चालणार नाही, म्हणून समोरच्या दोघा सहप्रवाशांना विनंती केली. त्यांतल्या भबेनबाबूंनी विचारले, "आजी, फिरायला निघालात की मरायला?" मी म्हटले, "फिरायला. दुसऱ्याची तयारी वाटेत उरकते आहे." दोघांनी माझ्यासमोर, मी दोघांसमोर सही केली आहे. गाडी सिग्नलला उभी असल्याने अक्षर स्वच्छ आहे.

साक्षीदार:
१. भबेन गोगोई, चहाच्या मळ्यातील निवृत्त तोलाईदार, जोरहाट
२. प्रणती बोरगोहाईं, परिचारिका, शिवसागर

मृत्युपत्र करणार: सुप्रीती तरफदार

ठिकाण: न्यू अलिपुरद्वार स्थानकाच्या अलीकडे, गाडीत, खिडकीजवळ.
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२३, भाऊबीज, सकाळी.

ता. क. शेवटच्या पानावरचा पिवळट डाग चंदनाचा आहे. बोट पुसायचे राहिले. त्याला खाडाखोड समजू नये. खिडकीच्या चौकटीवरचा फोंटा सरळ लागला आहे, असे दादाला सांगावे.