बायकांचा मजला, खण चौदा

११ नोव्हेंबर, मंगळवार. अंधेरी

याला हॉटेल म्हणतात. चिकूचे क्रेट एकावर एक रचावेत तसे भिंतीत खण केलेत आणि एकेका खणात एकेक बाई. माझा चौदा नंबर, खालचा. आत गादी, दिवा, आरसा, मोबाइल लावायची जागा, डोक्याशी गार वारा. ताठ बसलं की डोकं छताला टेकतं. दाराऐवजी वरून खाली ओढायचा पडदा. हॉस्पिटलच्या गेटसमोर आहे म्हणून घेतलं. हेमंत, माझा नवरा, आयसीयूत. घरच्यांना सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं भेटू देतात. उरलेला वेळ कुठेतरी काढायचा.

परवा सात तास ऑपरेशन चाललं. उजवा पंजा मनगटापासून जवळजवळ सुटला होता. शिरा जोडल्यात. बोटं हलतील का, ते आठवड्याने कळेल म्हणाले.

नखांतला चीक निघत नाही. तेल लावून पाहिलं. रिसेप्शनवरच्या मुलीने नेलपॉलिश काढायचं औषध दिलं, तेही लावलं. वाळून काळा झालाय. त्यात रक्त किती आणि कोणाचं, सांगता येत नाही.

१२ नोव्हें., बुध.

रविवारचं लिहून ठेवते. पुढे जो तो वेगळं सांगेल. मीसुद्धा.

सकाळचे नऊ. दादा, हेमंतचे मोठे भाऊ, कोयता घेऊन आमच्या वाडीत आले. समुद्राकडची त्यांची जमीन त्यांना रिसॉर्टवाल्याला द्यायचीय. तिथवर गाडी जायला रस्ता हवा आणि तो आमच्या चिकूच्या अकरा झाडांवरून जातो. वर्षभर हेच चाललं होतं. त्या दिवशी एक शब्द न बोलता ते एकेका बुंध्यावर खाचा पाडत निघाले. झाडं पाडणाऱ्या मशीनवाल्यासाठी खूण. पांढरा चीक ओघळत होता. सातव्या झाडाशी हेमंत आडवा उभा राहिला.

"दादा, बाबांच्या हातची झाडं आहेत."

"बाबा माझे पण होते."

आणि कोयता खाली आला. पहिला वार झाडावर होता की हेमंतवर, मला खरंच सांगता येणार नाही. दुसरा मात्र हेमंतवरच. त्याने तोंडासमोर हात धरला होता.

मी शेजारच्या झाडाचं आळं करत होते. हातात फावडं.

पहिला फटका बसला तेव्हा दादांच्या हातून कोयता सुटला. दुसऱ्याला ते गुडघ्यांवर आले, मग तोंडावर पडले.

इथपर्यंत सुधीरला सांगितलंय. माझा भाऊ, तलासरीला असतो. तो म्हणाला, "ताई, कोणीही हेच केलं असतं."

१३ नोव्हें.

तिसराही मारला.

दादा पालथे पडले होते. कोयता चार हात लांब. हेमंत झाडाला टेकून हात धरून बसलेला. मला त्याच्याकडे धावायला हवं होतं. मी पाय रोवले, फावडं नीट धरलं, आणि पात्याची पाठ दादांच्या डोक्यात घातली. घाईत नाही. जागा बघून.

चौथाही मारला असता. मुक्ता "आई" म्हणून ओरडली.

मुलगी माझी विहिरीपाशी उभी होती. अकरावीत आहे. तिने सगळं पाहिलं. सध्या सुधीरकडे ठेवलीय.

दादा वापीला हॉस्पिटलात. शुद्ध नाही.

१४ नोव्हें., शुक्र.

हेमंतने डोळे उघडले. पहिलं काय विचारलं तर, "झाडं?" म्हटलं, उभी आहेत. मग हाताकडे बघितलं. जाड पट्टीतून पाच जांभळी टोकं बाहेर. त्याने मान वळवली ती पंधरा मिनिटं तशीच.

माझ्या वरच्या खणात कविता नावाची मुलगी आहे. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, नाशिककडची. आज तोंड धुताना शेजारी होती. गळ्यावर चार बोटांचे ठसे, पिवळे पडत आलेले. मी बघतेय हे तिने आरशात पाहिलं आणि ओढणी घेतली. मी विचारलं नाही. तिनेही माझ्या नखांबद्दल विचारलं नाही.

मग जिन्यात स्वतःच म्हणाली, "ताई, इथे खालून कोणाला वर सोडत नाहीत ना?"

म्हटलं, बायकांचा मजला आहे, कसे सोडतील.

१५ नोव्हें., शनि.

सोडलं.

दुपारी तीनच्या सुमाराला. रिसेप्शनवर कोणी नव्हतं म्हणे. मी पडले होते, पडदा ओढलेला. बाहेर बुटांचा आवाज. पडदे सर्रकन वर ओढायचा आवाज, एक, दोन, तीन. एक मुलगी किंचाळली. मग माझ्या डोक्यावरचा पडदा. पुरुषाचा आवाज, अगदी हळू, "चल खाली उतर. उतर म्हटलं ना."

कविताने काही म्हटलं ते कळलं नाही. पुढच्या क्षणी ती माझ्या पडद्यासमोरून खाली पडली. त्याने केसांना धरून ओढली होती. पाच फुटांवरून कोपरावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग तो लाथा मारायला लागला. पोटात.

त्या मजल्यावर दहा-बारा बाया असतील. पडदे होते तसे राहिले. एक आतून कोणाला तरी फोन लावत होती, तेवढं ऐकू येत होतं.

माझी स्टीलची बाटली उशाशी, नुकतीच भरलेली. पडदा वर केला, बाहेर आले, बाटली कानफटात मारली. तो वळला. तरुण होता, दाढी नीट कोरलेली, इस्त्रीचा शर्ट. "आप कौन?" म्हणाला. दुसरी तोंडावर मारली. ओठ फाटला, दात तुटून माझ्या पायाशी पडला. तो खणांना धरत धरत खाली बसला. दोन्ही हात डोक्यावर घेतले.

इथे थांबायला पाहिजे होतं. माणूस बसला होता, हात डोक्यावर होते. मी त्या हातांवर मारत राहिले. बोटांवर. किती ते मोजलं नाही. बाटली चेपली, झाकण उडालं, पाणी सगळीकडे.

"बस, ताई. मरेल तो. बस करा." कविता रांगत येऊन माझा पाय धरत होती.

१६ नोव्हें., रवि.

काल पोलीस आले नाहीत. मॅनेजर म्हणाला, मी बोलावलेच नाहीत. हॉटेलचं नाव खराब होतं. खालून दोन पोरी आल्या, फरशी पुसली, गुलाबी पाणी बादलीतून घेऊन गेल्या. तासाभरात नव्या बाया आल्या सुद्धा, चाकांच्या बॅगा ओढत. त्यांना काहीच माहीत नाही.

कविता त्याच्याबरोबर गेली. हात ओढणीत बांधून. त्याच्या तोंडाला हॉटेलने मला दिलेला टॉवेल. मी जिन्यापर्यंत गेले, म्हटलं, कविता, माझ्याबरोबर चल, समोरच हॉस्पिटल आहे, तिथून पोलिसांकडे जाऊ. ती त्याच्या आड सरकली. माझ्यापासून. मला घाबरून.

तेवढं मनातून जात नाही.

आणि अजून एक, ते लिहायचंच तर आत्ताच. मारताना बरं वाटत होतं. गेल्या रविवारीही वाटलं होतं. हेमंतचा हात लोंबत असताना, मला आतून मोकळं मोकळं वाटत होतं.

१७ नोव्हें.

मुक्ताचा फोन. आठ दिवस 'हो', 'नाही', 'जेवले' एवढंच चाललं होतं. आज म्हणाली,

"आई, काका पडले होते ना?"

"हो."

"मग परत का मारलंस?"

मी म्हटलं, बाबाचा हात बघितलास ना तू.

"ते आधी झालं होतं. मी नंतरचं विचारतेय."

मामी हाक मारतेय म्हणून तिने फोन ठेवला. कोणी हाक मारलेली ऐकू आली नाही.

१८ नोव्हें., मंगळ.

दादा शुद्धीवर आले. सांगायला सुमनवहिनी स्वतः आल्या, माझी जाऊ. वापीहून एकट्या. हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये, चपलांच्या मांडणीसमोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, तिथे बसलो. वीस वर्षं एका विहिरीवर पाणी भरलं आम्ही. मुक्ताच्या वेळी मला दवाखान्यात यांनीच नेलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "डावा पाय उचलत नाही. बोलणं जड झालंय. पण पोलिसांना म्हणाले, मी पडलो. दगडावर."

म्हणताना त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

"जखम डोक्याच्या मागे आहे, संगीता. तोंडावर पडलेल्या माणसाला मागून दगड कसा लागतो, ते मला पण कळतं."

"मग ते तसं का म्हणाले?"

"धाकट्या भावाच्या बायकोने लोळवलं हे गावात सांगायचं नाही त्यांना. तुझ्यावर माया आहे म्हणून नाही, तसं समजू नको." मग पुढे सरकून हळूच, "तुम्ही पण म्हणा, झाड छाटताना कोयता निसटला. रस्ता नको, झाडं नको, आम्ही लिहून देतो. दोघांचं दोघांपाशी मिटेल."

"हेमंतचा हात?"

"माझ्या नवऱ्याचा पाय?"

मी उठले तशा त्यांनी मनगट धरलं. नखं रुतेपर्यंत. वर बघून म्हणाल्या, "मी तुला ओळखते. तू एकदा मारून थांबली नसणार." मी हात हिसडला. त्या खुर्चीसकट मांडणीवर गेल्या, चपला अंगावर पडल्या. रिसेप्शनची मुलगी धावली. वहिनी स्वतः उठल्या, चपला एकेक करून परत लावल्या, आणि गेल्या. मागे वळून बघितलं नाही.

मनगटावर चार चंद्रकोरी. रक्त आलंय.

१९ नोव्हें., बुध.

हेमंतला वॉर्डात आणलं. अंगठा हलतो. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं, उद्या काढणार.

वहिनींचं सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "काही मिटवायचं नाही. दादाला आत टाकायचं." पोलिसांचा फोन येऊन गेलाय, शुक्रवारी अकराला माझा जबाब आणि मुक्ताचाही. "तू काय सांगायचं ते ठरलेलं आहे ना? मला वाचवायला मारलंस."

तेव्हा तिसऱ्याबद्दल सांगितलं. पालथे होते, कोयता लांब होता, मी जागा बघितली, सगळं.

मला वाटलं तो तोंड फिरवेल. तो हसला. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"अजून एक घालायला हवा होतास," म्हणाला. "कोणाला सांगू नको. मुक्ताला पण सांग, दोनच पाहिले म्हणून."

जुना, लग्नाच्या वेळचा हेमंत असता तर असं बोलला नसता. की मीच ओळखत नव्हते. मीही आधी अशी नव्हते म्हणायला जीभ वळत नाही आता.

२० नोव्हें., गुरु. तलासरी

सकाळी खण सोडला. हेमंतजवळ सुधीर थांबलाय. बॅग काढताना वरच्या पंधरा नंबरातून एक म्हातारी डोकावली, म्हणाली, "झोप फार छान लागते नाही इथे?"

संध्याकाळी इथे पोचले. मुक्ता दारात आली, पाया पडली. पाहुण्यांच्या पडतो तशी. जेवताना कांदा चिरायला मी मामीकडे सुरी मागितली. मुक्ताचा घास हातातच राहिला. मी सुरी तिच्यासमोर ठेवून दिली, कांदा तीच चिरू दे म्हटलं. तिने चिरला आणि सुरी लगेच मामीकडे दिली.

मग अंगणात दोघीच होतो. "बाबाने सांगितलंय ते मामाने फोनवर सांगितलं मला," म्हणाली. "दोनच."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय करायचं? तू जेलमध्ये गेलीस तर मी कुठे राहू? आणि खोटं सांगितलं तर तुझ्याबरोबर कशी राहू?"

जवळ घ्यायला हात पुढे केला. ती मागे झाली नाही. पण डोळे मिटून घेतले, मार बसणार असल्यासारखे.

२१ नोव्हें., शुक्र.

पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून लिहितेय. पावणेअकरा. पलीकडच्या बाकावर सुमनवहिनी, एकट्या. आम्ही एकमेकींना पाहिलं. मुक्ता उठून त्यांच्या पाया पडून आली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ.

बसमध्ये मी तिला म्हटलं, जे पाहिलंस ते सांग. ती म्हणाली, "आणि तू?" मी म्हटलं, तेच. हे म्हणताना मला खात्री होती. आता आत टाइप करायचा आवाज येतोय, खुर्ची सरकवल्याचा आवाज येतोय. दादांचा लंगडा पाय. हेमंतची गेलेली बोटं. मी काय बोलेन ते मला आत गेल्याशिवाय कळणार नाही.

हवालदार दारात आले. विचारतायत, आधी कोण.

मुक्ता उठलीय.