डावीकडचं पॅनल

३ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून रोज नोंद. वैमानिकाला शिस्त हवी, मग विमान माळ्यावरच्या टेबलावर का असेना. दिव्या-बटणांची दोन्ही पॅनल्स संगणकावरच्या विमानाच्या सिम्युलेटरला जोडली. उजवीकडचं पहिल्या फटक्यात चालू. डावीकडचं लहरी. चाकं उतरल्याचे तीन हिरवे दिवे त्यावरच आहेत. दोन दिवसांत सरळ करतो.
२८ला गाडीच्या परवान्यासाठी डॉक्टरी तपासणी. पंचाहत्तरी आली की सगळ्यांनाच असते. बायकोला, आफ्केला, सांगून टाकलं, तुझ्या बहिणीकडे पुढची पाच वर्षं मीच नेणार.

६ नोव्हेंबर
विचित्र प्रकार. मान वळवून पाहिलं की तिन्ही दिवे चालू. लँडिंगला नजर धावपट्टीवर ठेवली की गायब. लूज कॉन्टॅक्ट, दुसरं काय! नवी केबल मागवली.

९ नोव्हेंबर
नवी केबल, जुनं दुखणं. संगणकातलं पॅनलचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. आफ्के कॉफी घेऊन वर आली. म्हणाली, सगळे दिवे लागलेत की रे. बायको गुणी आहे, पण तांत्रिक बाबतीत भोळी. जेवताना विचारलंन, बटाटे अर्धेच खातोस हल्ली, डावीकडचे तसेच राहतात, माझ्या हाताची चव गेली का? काहीतरीच.

१४ नोव्हेंबर
गाडीच्या डाव्या बाजूला दाउवेची सायकल लागली. शेजारी असून भान नाही माणसाला. वर मलाच म्हणतो, अरे बाबा, अकरा वर्षं तिथेच उभी असते ती! घरात आल्यावर आफ्केचं सुरू: ऑक्टोबरात दोन दिवस डोकं धरून बसलास, तेव्हाच डॉक्टरकडे जायला हवं होतं. डोकं दुखायचं तेव्हाच थांबलं. विषय संपला.

१९ नोव्हेंबर
शास्त्रशुद्ध चाचणी. पॅनल्सची अदलाबदल. आजारी पॅनल उजवीकडे ठणठणीत! ठणठणीत पॅनल डावीकडे बंद! निष्कर्ष उघड आहे: टेबलाची डावी बाजू खराब.
हे लिहून नवं टेबल मागवलं.

२४ नोव्हेंबर
नवं टेबल. तेच.
आफ्के जिन्यात उभी होती. म्हणाली, सिब्रेन, मला भीती वाटते रे. म्हटलं, मलाही. भिंतीतलं वायरिंग फार जुनं आहे.

२८ नोव्हेंबर, दुपारी, इस्पितळात
तपासणी झाली. डॉक्टरीणबाई समोर बसल्या, दोन्ही हात पसरले. म्हणाल्या, माझ्या नाकाकडे बघत राहा, कुठला हात हलतोय सांगा. उजवीकडचा. परत उजवीकडचा. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मी म्हणालो, हलवा की आता. त्या हळूच म्हणाल्या, डावीकडचा केव्हाची हलवतेय.
परवाना नाही. ताबडतोब इथे यायला सांगितलं. वीस वर्षांनी आफ्केने गाडी चालवायला घेतली. आमच्याकडे स्टीअरिंग डावीकडे; ती तिथे, मी तिच्या उजवीकडे, नजर समोर रस्त्यावर. ती मला दिसत नव्हती. रडत होती, एवढं ऐकू येत होतं.