निर्दोष खांद्याची शुश्रूषा

अखिलकुटुंबशासनधुरंधरा, वैद्यवचनखंडनपंडिता, स्कंधपीडिता तथापि अनम्रग्रीवा ज्येष्ठ भगिनी ताईसाहेब यांच्या चरणी धाकट्या बंधूचा उभ्या उभ्या साष्टांग नमस्कार. (वाकण्यास तुझ्या कन्येची मनाई आहे.)

जिन्यावरून पडल्यापासून तुझा उजवा हात खांद्यापाशीच अडतो आणि वेणीसाठी शेजारणीस पाचारण करावे लागते, हे ऐकून चित्त व्याकुळ झाले. 'पोटच्या पोरीकडून हात वर करायला शिकू?' हा तुझा सवालही कानी आला.

मी मात्र कंबरेतील सरकलेली चकती घेऊन तिच्या पिलाटेसच्या वर्गास शरण गेलो. तो वर्ग म्हणजे जायबंदी जनांचे संमेलन. व्यायाम एकच, आवृत्त्या निराळ्या: ठिसूळ हाडांच्या ग्रंथपालबाई पाठ सरळ ठेवून करतात, गर्भवती परिचारिका कुशीवर, तर गुडघा बदललेले शिंपीदादा खुर्चीत बसून. शेजाऱ्याचे पाहून करणे हे तिथले महापातक. मी ते पहिल्याच दिवशी केले. शिंपीदादांसारखा पुढे वाकलो, तो तसाच राहिलो. दोघांनी मला कपाटासारखे उचलून भिंतीशी टेकवले. शिंपीदादा एवढेच म्हणाले, "साहेब, मापं आपापली असतात."

तदनंतर एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. वर्ग सुटला की भाची मला थांबवून माझ्या सर्वथा निर्दोष उजव्या खांद्याची शुश्रूषा आरंभते. टेबलावर टॉवेल पसरून त्यावरून हात सरकवायचा. बोटांनी मुंगीसारखे भिंतीवर चढायचे, तेही गुडघे वाकवून, बुटके होऊन.

"मामा, तिथंच थांब. याच्या वर तुझा हात जात नाही असं समज."

"अगं, पण जातो."

"जात नाही म्हटलं ना." (स्वर हुबेहूब तुझा.)

भाचीची विद्या अपुरी, असा माझा निष्कर्ष ठरत आला होता. पण काल टेबलाशी बसवून तिने हळूच विचारले, "असं बसून वेणी घालता येईल का रे?" आणि हे मला, ज्याच्या मस्तकावर कंगव्यास कार्यक्षेत्रच उरलेले नाही. तेव्हा कुठे मंदबुद्धीत उजेड पडला. गुडघे वाकवले की माझी उंची बरोबर तुझ्याएवढी भरते, ताई. इतके दिवस त्या भिंतीवर तुझाच हात चढत होता.

तुझा आज्ञाधारक (आणि तूर्त तुझा बदली कामगार),
धाकटा

ता. क. ती तुला बोलावणार नाही; मुलगी कुणाची आहे? गुरुवारी दुपारी खोली रिकामी असते. भावाची कंबर पाहायला आले, असे सांगून ये.

ता. क. २. तुझ्या नावाने कोपऱ्यात एक मॅट कधीचीच घातली आहे. तिच्यावरची जाड उशी माझ्या कंबरेखालून काढून नेलेली आहे. मला टॉवेलची गुंडाळी मिळाली, ती सुटते. उशी परत मागितली तर "ती आईची" म्हणते, दुसरी कधी आणणार विचारले तर "बघू".