मी हाताने बदललेला आकडा

३ जून, सोमवार
आज हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात रुजू झाले. विभाग कसला, जिन्याखालची खोली. एक टेबल, दोन स्क्रीन आणि कोपऱ्यात सर्व्हर. त्याचा पंखा थेट बाबा दुपारी घोरतात तसा घोरतो. साहेब भले वाटले. औषध विभागातल्या ताई स्वतःहून चहा घेऊन आल्या, म्हणाल्या, तू आलीस ते बरं झालं, हे डबडं आमचं ऐकत नाही. घरी आईने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. मावशीला तर मी इंजिनीअर असल्याचंच सांगून टाकलं. मावशीने फोनवर अभिनंदन केलं, मी थँक्यू म्हटलं.

६ जून
मूळ सॉफ्टवेअर नवं आलंय, त्याला जोडलेली अकरा ॲड-ऑन, म्हणजे छोटी जोड-सॉफ्टवेअरं, अपडेट करायची आहेत. दहा मुकाट झाली. अकरावं अडून बसलंय. एकाच पेशंटला न जुळणारी दोन औषधं लिहिली गेली, तर लाल इशारा देणारं हेच ते. म्हणतं, ‘फाइल वापरात आहे’. कोण वापरतंय? सगळे कॉम्प्युटर बंद करून पाहिले, ॲड-ऑन काढून परत टाकलं. ढिम्म!

८ जून
साहेबांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ‘होत नाही’ म्हणायची लाज वाटली. ॲड-ऑनच्या माहितीत आवृत्तीचा आकडा असतो, तो हाताने बदलला. ४.१ चा ४.२. आत सगळं जुनंच, पण यादीत अकरा हिरव्या खुणा. सोमवारी नीट करीन. साहेबांनी चारचौघांत शाबासकी दिली तेव्हा कान तापले.

१२ जून
सोमवार कधीच गेला. धीर झाला नाही.
आज बारा नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले. निवृत्त पोस्टमास्तर होते. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना ताईंकडून वर दुखण्याची गोळी दिली गेली. इशारा आलाच नाही; जुनं ॲड-ऑन नव्या सॉफ्टवेअरवर मुकंच होतं. ताई धावत खाली आल्या. लाल खूण यायला हवी होती ना गं, म्हणाल्या. मी म्हटलं, अपडेट आहे की, बघा. त्यांनी हिरवी खूण पाहिली. मग कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत राहिल्या.

१४ जून
ताईंना घरी बसवलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, तू मनाला लावून घेऊ नकोस. मला म्हणाल्या. मला!

१५ जून
आकडा परत ४.१ करायला गेले. ‘फाइल वापरात आहे’. या वेळी खाली वापरणाऱ्याचं नाव होतं: खाट १२.
वर जाऊन पाहिलं. खाट रिकामी. गादी उन्हात टाकलेली.

१७ जून
साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. म्हणाले, अपडेट पूर्ण झाल्याच्या कागदावर माझीही सही आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. हिरवं आहे ते हिरवंच राहू दे.
मी मान हलवली. रडत होते, तरी हलवली.

१८ जून, सकाळी ११
लाल इशारा. फक्त माझ्या स्क्रीनवर. खाट ७, दोन औषधं. वॉर्डात फोन लावला. सिस्टर गोळी हातात घेऊन उभी होती. तिच्या कॉम्प्युटरवर काहीच नाही. इशाऱ्याखाली नाव — खाट १२.
मी मारलेला माणूस माझं काम करतोय.

११.२०
खाट ३. गोळी थांबवली.

११.२६
खाट १९. थांबवली. सिस्टरने विचारलं, तुम्हाला खाली बसून कसं कळतं? सांगणार होते. ताईंची चूक नव्हती एवढं तरी — जीभच उचलेना. अंदाज आला, म्हणाले. अंदाज!

११.३१
२२. ४. ३१. ९. एकदम — फोन एकच आहे — चौथा मजला उचलत नाही — वर पळायला हवं, सगळ्यांसमोर ओरडून सांगायला हवं, त्या हिरव्या खुणेवर विसंबू नका, ती खोटी आहे, ती मी —