गरजेचा दाखला

लॉरेल फोर्क,
७ मे

प्रिय वेंडेल,

पत्र मिळेल तेव्हा तू आणि घरचे सगळे बरे असाल. आमचं चाललंय तसं चाललंय. पावसाने वरचा रस्ता पुन्हा खचलाय. बटाटे लावून झाले. फोन तू उचलत नाहीस, म्हणून टपालाने लिहिते.

रविवारी नव्या पाद्रीबुवांनी प्रवचन इतकं लांबवलं की अर्लीन पुढच्याच बाकावर घोरायला लागली. डेल्फा मावशी असती तर तिने कोपराने ढोसलं असतं. मावशी हल्ली चर्चला येत नाही. ते पुढे लिहिते.

माझी व्हॅन कोठारात उभी आहे. एक जण विचारून गेला, पण विकवत नाही. उभा जन्म मी या वळणांवरून शाळेची बस चालवली, एका पोराला खरचटलं नाही. निवृत्त झाल्यावर वाटलं, डायलिसिसच्या माणसांना शहरात नेऊ-आणू, चार पैसे मिळतील. राज्य म्हणालं, गरजेचा दाखला काढा. म्हणजे इथे आणखी एका गाडीची गरज आहे हे मी सिद्ध करायचं, आणि ज्यांच्या गाड्या आधीच चालतात त्यांनी हरकत घ्यायची. जिल्ह्यात गाड्या फक्त तुझ्या.

नदीपलीकडच्या राज्यात असला दाखलाच नाही. आपली मामेबहीण रेवा तिथे गाडीची तपासणी करून, विमा उतरवून सरळ धंद्याला लागली. माझेही ब्रेक तपासा, डोळे तपासा, मी चकार शब्द काढला नसता. पण खानावळ काढायची तर समोरच्या खानावळवाल्याला विचारून या, ही कुठली रीत? तू हरकत घेतलीस याचा मला राग आला. अजून आहे. सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय दिलास. असो. हे पत्र त्यासाठी नाही.

राजधानीतली ती सुनावणी आठव. मावशीला मी साक्षीला नेलं होतं. तुझ्या वकिलाने अगदी साखर पेरून विचारलं, “आजी, गाडी नाही म्हणून तुमचं डायलिसिस कधी चुकलंय का?”

“नाही हो,” मावशी म्हणाली. “वेंडेलची माणसं चांगली आहेत. आमचं भागतं.”

तिच्यामागून आपल्या खोऱ्यातला जो जो उभा राहिला, तो हेच म्हणाला. आपली माणसं तुला ठाऊक आहेत. चूल पेटलेली नसली तरी परक्यापुढे “आत्ताच जेवून उठलो” म्हणणारी. सरकारने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि निकाल दिला, गरज दिसत नाही. तू तेव्हा खाली बघत होतास, म्हणून लिहिते आहे. तुला खरं ठाऊक होतं.

परतताना मी गाडीत ओरडले, “खोटं का बोललीस? महिन्याभरात दोनदा चुकलं होतं!”

“मग काय भरल्या सभेत त्याला उघडा पाडू?” मावशी म्हणाली. “तुमची आई गेल्यावर या हातांनी भरवलंय त्याला. आणि तू समोर बघ, नाहीतर घालशील दरीत.”

त्यानंतर मी कोंबड्या कापायच्या कारखान्यात लागले. पोट आहे ना. सुट्टीच्या दिवशी मावशीला मी न्यायची, एरवी तुझी गाडी. तुझी गाडी यायची रे, पण खालच्या पक्क्या रस्त्यापर्यंत. वरची खेप परवडत नाही, म्हणून तुझा माणूस फोनवर सांगायचा, “आज जमणार नाही, आजी.” एकदा भर थंडीत केंद्र बंद झालं तरी तिला घ्यायला कोणी आलं नाही. झाडलोट करणाऱ्या बाईने तिला आपल्या गाडीतून घरी सोडलं. मावशीने मला बजावलं, वेंडेलला कळवायचं नाही. आज मी तिचा शब्द मोडते आहे.

तिने डायलिसिसला जायचं थांबवलंय, वेंडेल. सोमवारी तुझी गाडी खालच्या रस्त्यावर वेळेवर आली होती. तिने फोन करून परत पाठवली. मी रडले, भांडले, डॉक्टरांचा फोन तिच्या कानाला लावला. ती ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले, आठवडा, फार तर दोन. काल तिने पथ्यामुळे इतकी वर्षं बंद असलेला घेवडा खारं डुकराचं मांस घालून शिजवायला लावला आणि मक्याच्या पावाबरोबर दोन वाट्या खाल्ला. म्हणाली, “मीठ म्हणजे काय असतं ते विसरलेच होते मी.” मला स्वयंपाकघरात उभं राहवेना.

कबरीसाठी टेकडीवर आईशेजारची जागा तिने ठरवलीय. अंत्यविधीवाला यंत्र आणतो म्हणाला, त्याला तिने हाकलून दिलं. आपल्याकडे घरचेच खणतात, हे त्या शहरी माणसाला कोण सांगणार? “वेंडेलला सांग, खणायचं त्याने,” ती म्हणाली. “पगारी माणसं पाठवायची नाहीत. आणि आधी मला भेटायचं.”

मी म्हटलं, तो नाही आला तर?

“वाट बघीन,” ती म्हणाली. “त्याच्या गाड्यांनी सवय लावलीय.” आणि हसली. तुझ्यावर रागावून नाही हसली, हे मी शपथेवर सांगते.

मी मात्र रागावलेली आहे आणि राहणार. तरी ये. वरचा रस्ता खचलाय, तेव्हा गाडी खाली ठेवून चालत यावं लागेल. कुदळ आणू नकोस, माझ्याकडे दोन आहेत.

तुझीच थोरली बहीण,
ओलेटा