वळशाचा शब्द

मंगळवार, १२ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

इकडे सगळं ठीक असं लिहायची सवय आहे, पण आज तसं लिहिणार नाही. बाबांचा उजवा हात अजून उचलला जात नाही. भूक बरी आहे. तू पाठवलेला स्वेटर मापाचा झाला. डाव्या हाताने त्याची बटणं चाचपत बसले होते.

बोलणं शिकवायला एक बाई येतात. काल त्यांनी पाण्याच्या पेल्याचं चित्र दाखवलं. बाबा म्हणाले, "प… प…" आणि थांबले. शब्द माझ्या तोंडात तयार होता, पण मी गप्प बसले. लहानपणी कुणी माझं वाक्य पुरं केलं की मला किती राग यायचा, तुला ठाऊक आहे.

माझ्या अडखळण्याचं मी आजवर केवढं दुःख केलं! पण मला शब्द माहीत असतो, तो नुसता ओठाशी अडतो. बाबांना तो सापडतच नाही.

मी शाळेत जाण्याआधी स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवून त्यांनीच शिकवलं होतं, "शब्द अडला की वळसा घाल. पाणी म्हणता येत नाही? मग तहान लागली म्हण." म्हणून तर मी घरचा शब्दकोश.

आता लिहिते. बाबांना लगेच दवाखान्यात नेलं, असं मी तुला कळवलं, ते खरं नाही. अर्धांगाचा झटका आला त्या दुपारी ते न्हाणीघराच्या दारात पडले. मी दवाखान्यात फोन लावला. 'पडलेत' काही केल्या येईना. वळसा घातला. म्हटलं, "बाबा झोपलेत, उठत नाहीत."

कंपाउंडर म्हणाला, "जेवून आडवे झाले असतील. झोपू द्या की."

पुन्हा लावला. "प-प-" एवढंच गेलं. "आवाज तुटतोय, बाहेर येऊन बोला," म्हणून त्याने ठेवून दिला. शेवटी शेजारच्या काकूंना ओढत आणलं. त्यांनी फोनवर एका दमात सांगितलं. तोवर वीस मिनिटं गेली होती. 'कोसळले' हा शब्द मला दुसऱ्या दिवशी सुचला.

वीस मिनिटांनी काय फरक पडला असता ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी रोज विचारते. ते रोज तेच सांगतात.

बाबांना मी सांगितलंय. वळसा न घालता, "तुम्ही प-प-प-पडलात तेव्हा" असं. त्यांनी माझ्याकडे बघत ऐकून घेतलं. किती कळलं, कोण सांगणार?

कागदावर मी अडखळत नाही, म्हणून हे पत्र पुरेसं नाही. रविवारी फोन कर. मला वेळ लागेल. मधे शब्द देऊ नकोस. आणि ठेवू नकोस.

तुझा,
शब्दकोश